जैवमाहितीशास्त्रातील ऑनलाइन साधने : प्रकाशन आणि पारख

विज्ञान-नियतकालिकांची शोधनिबंध स्वीकारण्याची पद्धत ज्या काळात घडली, त्या काळात निबंध म्हणजे पार पडलेल्या कामाचा लेखी वृत्तान्त होता. प्रयोग संपलेला असे, निष्कर्ष हाती आलेले असत आणि परीक्षकांनी पाहायचे ते एवढेच, की वृत्तान्त पुरेसा आहे का आणि निष्कर्ष पुराव्याला धरून आहेत का. जैवमाहितीशास्त्रातील ऑनलाइन साधनाची गत निराळी आहे. डीएनए, आरएनए आणि प्रथिने यांच्याविषयीची अफाट माहिती संगणकाच्या मदतीने साठवणे, चाळणे आणि तिच्यावरून अनुमान काढणे हे या शास्त्राचे काम. आणि ऑनलाइन साधन, ज्याला व्यवहारात ‘वेब सर्व्हर’ किंवा नुसते ‘सर्व्हर’ म्हणतात, ते म्हणजे असे संकेतस्थळ, जेथे संशोधकाने आपल्या प्रथिनाचा किंवा जनुकाचा अनुक्रम, म्हणजे त्यातील घटकांची ओळीने मांडलेली अक्षरे, चौकटीत चिकटवावा, बटण दाबावे आणि कुठल्या तरी दूरच्या संगणकाने गणित करून उत्तर पाठवावे. अशा साधनाविषयीचा निबंध छापून आला की त्यातला मजकूर कायमचा ठरून जातो, पण साधनामागचा संगणक, त्यावरची कार्यप्रणाली, त्याने आधाराला घेतलेला माहितीसाठा, त्याचा पत्ता आणि त्याची देखभाल करणारा माणूस हे सगळे बदलत राहते. नियतकालिकाने दिलेली मान्यता मग नेमकी कशाला लागू होते आणि किती काळ, हा प्रश्न या शाखेला गेली दोन-तीन दशके सोडवता आलेला नाही.

या प्रकाशनांचा इतिहास फार जुना नाही. १९८५ मध्ये ‘कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स इन द बायोसायन्सेस’ हे नियतकालिक सुरू झाले, तेच १९९८ पासून ‘बायोइन्फर्मेटिक्स’ या नावाने निघते. अनुक्रमांतील साम्य झपाट्याने शोधणारा ‘ब्लास्ट’ हा प्रोग्राम १९९० मध्ये ‘जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी’त प्रसिद्ध झाला. स्वित्झर्लंडमध्ये १९९३ साली ‘एक्सपॅसी’ हे प्रथिनांविषयीचे संकेतस्थळ उभे राहिले, जे रेणवीय जीवशास्त्रातील अगदी पहिल्या संकेतस्थळांपैकी एक मानले जाते. पुढे ‘न्यूक्लेइक ॲसिड्स रिसर्च’ या ऑक्सफर्ड विद्यापीठ मुद्रणालयाच्या नियतकालिकाने २००३ पासून दर जुलैमध्ये केवळ अशा साधनांना वाहिलेला विशेषांक काढण्यास सुरुवात केली, आणि त्यामुळे एरवी एखाद्या निबंधाच्या ‘पद्धती’ विभागात दोन ओळींत उरकले जाणारे काम स्वतंत्र प्रकाशनाच्या दर्जाला पोहोचले. ‘बायोइन्फर्मेटिक्स’मधील दोन-चार पानी ‘ॲप्लिकेशन नोट’ हा दुसरा रुळलेला प्रकार.

साधनासाठी निबंधच का लिहावा लागतो, याचे उत्तर शास्त्रीयपेक्षा व्यावहारिक आहे. विद्यापीठे आणि अनुदान देणाऱ्या संस्था संशोधकाचे श्रेय निबंध आणि त्या निबंधांचे इतरांनी केलेले संदर्भोल्लेख यांवरून मोजतात. प्रोग्रामला संदर्भ म्हणून देण्याची रीत रुळलेली नव्हती, म्हणून प्रोग्रामच्या वतीने निबंध उभा करावा लागला. ही तडजोड किती फळली, हे ‘नेचर’ने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वाधिक संदर्भोल्लेख मिळालेल्या शंभर निबंधांच्या यादीवरून दिसते. अनेक अनुक्रम एकाखाली एक जुळवून मांडणारा ‘क्लस्टल डब्ल्यू’ त्या यादीत दहावा होता, ‘ब्लास्ट’ बारावा आणि त्याची १९९७ ची सुधारित आवृत्ती चौदावी. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना सांगणारा १९५३ चा विख्यात निबंध पहिल्या शंभरांत नाही. याच व्यवस्थेची विकृतीही फार दूर शोधावी लागत नाही. स्फटिकांच्या क्ष-किरण चित्रांवरून रेणूची रचना काढणाऱ्या ‘शेलएक्स’ या प्रोग्रामसंचाचा इतिहास सांगणारा एक निबंध २००८ च्या आरंभी ‘ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका’च्या ‘ए’ विभागात आला, आणि प्रोग्राम वापरणाऱ्यांनी तोच संदर्भ म्हणून द्यावा अशी त्यात विनंती होती. परिणाम असा झाला की त्या नियतकालिकाचा प्रभावांक, म्हणजे त्यातील निबंधांना सरासरी किती संदर्भोल्लेख मिळतात याचे माप, सुमारे २ वरून २००९ साली ४९.९ वर गेला, आणि दोन वर्षांची मोजणीची मुदत सरताच पुन्हा २ च्या आसपास उतरला. नियतकालिकातील बाकीच्या निबंधांत या काळात काहीही बदललेले नव्हते.

नियतकालिके साधनाकडून काय मागतात, हे पाहिले तर अपेक्षा कागदावर बऱ्यापैकी चोख आहेत. ‘न्यूक्लेइक ॲसिड्स रिसर्च’चा विशेषांक आधी साधनाचा गोषवारा आणि चालू पत्ता मागवतो, आणि संपादकाने तो पाहून होकार दिल्यावरच पूर्ण निबंध पाठवता येतो. साधन सर्वांना मोफत खुले असावे, नावनोंदणी वा परवलीचा शब्द सक्तीचा नसावा, नमुन्याचा डेटा तयार असावा, वापराची माहिती देणारी पाने असावीत, अशा त्याच्या अटी आहेत. नावनोंदणी नको, या अटीचा वापरणाऱ्याच्या सोयीखेरीज आणखी एक फायदा होतो. तज्ज्ञपरीक्षणात, म्हणजे त्याच विषयातील दोन-तीन जाणकारांनी केलेल्या छाननीत, परीक्षकाचे नाव गुप्त राहणे अपेक्षित असते. पण परीक्षक सर्व्हर वापरून पाहू लागला की त्याच्या संगणकाचा पत्ता सर्व्हरच्या नोंदवहीत उमटतो, आणि अप्रसिद्ध साधनाला त्या आठवड्यात भेट देणारी संस्था एकच असेल, तर लेखकाला अंदाज बांधायला फारसे डोके चालवावे लागत नाही. नावनोंदणी मागणारा सर्व्हर ही गुप्तता जवळजवळ संपवतोच. ‘बायोइन्फर्मेटिक्स’ने प्रकाशनानंतर दोन वर्षे साधन उपलब्ध ठेवण्याची अट घातली, ती आवश्यक होती, पण दोन वर्षे हा अवधी एका पीएच.डी.च्या विद्यार्थ्यालाही पुरत नाही.

प्रत्यक्षात परीक्षक काय तपासतो? बहुधा नमुन्याचा डेटा घालून उत्तर येते का ते पाहतो, आपल्या माहितीतले एखादे प्रथिन घालून बघतो, आणि मग निबंधातील तक्त्यांकडे वळतो. नमुन्याचे उत्तर आधीच काढून ठेवलेले असू शकते, हे त्याला माहीत असते. मूळ प्रोग्राम वाचण्याइतका वेळ त्याच्याकडे नसतो, आणि बऱ्याचदा तो प्रोग्राम त्याला दिलेलाही नसतो. म्हणून निबंधाचे भवितव्य अखेर तक्त्यातील अचूकतेच्या आकड्यावर ठरते, आणि सगळा गुंता त्या आकड्यात आहे.

हा गुंता जवळून पाहण्यासाठी पुण्याचे एक उदाहरण उपयोगी पडेल. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने देशभर जैवमाहिती केंद्रांचे जाळे उभारण्यास घेतले तेव्हा १९८७ मध्ये पुणे विद्यापीठात असे केंद्र सुरू झाले. तेथील अशोक कोळसकर आणि प्रसाद टोणगावकर यांनी १९९० मध्ये ‘फेब्स लेटर्स’मध्ये प्रथिनातील प्रतिजनी भाग ओळखण्याची एक पद्धत मांडली. रोगजंतूच्या प्रथिनाचा जो तुकडा शरीरातील प्रतिपिंडे ओळखतात, त्याला एपिटोप म्हणतात; लस किंवा निदानचाचणी बनवायची तर हे तुकडे ठाऊक असावे लागतात, आणि प्रयोगशाळेत ते एकेक करून शोधणे महागडे असते. कोळसकर-टोणगावकर पद्धत प्रयोगाने सिद्ध झालेल्या एपिटोपांत कोणती अमिनो आम्ले किती वेळा आढळतात, यावरून प्रत्येक आम्लाला एक गुण देते आणि अनुक्रमावरून सरकत्या खिडकीने सरासरी काढत जाते. लेखकांनी तिची अचूकता सुमारे ७५ टक्के सांगितली. पद्धत सोपी, गणित हाताने करता येईल इतके कमी, आणि त्यामुळे ती जगभर पसरली. ‘एम्बॉस’ या मुक्त प्रोग्रामसंचात ती ‘अँटिजेनिक’ या नावाने आली आणि अमेरिकेतील ‘इम्यून एपिटोप डेटाबेस’च्या साधनांतही तिला जागा मिळाली. मराठी माणसांच्या नावाने ओळखली जाणारी संगणकीय पद्धत इतक्या दूरवर रोजच्या वापरात असल्याची उदाहरणे थोडीच असतील.

पंधरा वर्षांनी, २००५ मध्ये, ब्लाइद आणि फ्लॉवर या ब्रिटिश संशोधकांनी अमिनो आम्लांना गुण देणाऱ्या ४८४ मापनश्रेणी घेऊन, ज्यांचे एपिटोप प्रयोगाने नकाशाबद्ध झालेले होते अशा पन्नास प्रथिनांवर त्या ताडून पाहिल्या, आणि त्यांतील सर्वोत्तम श्रेणीही नाणेफेकीपेक्षा किंचितच बरी ठरते असा निष्कर्ष काढला. हा निकाल एका पद्धतीवरचा नव्हता, एका आम्लाला एक गुण देणाऱ्या सबंध विचारावरचा होता. त्यामागचे कारणही जीवशास्त्रीय आहे : बहुतेक एपिटोप अनुक्रमात सलग नसतात, प्रथिनाची घडी पडल्यावर दूरदूरची आम्ले शेजारी येऊन ते बनतात. पुण्याच्या केंद्राला हे उमगलेले होते, हे विशेष. त्याच २००५ च्या जुलैत ‘न्यूक्लेइक ॲसिड्स रिसर्च’च्या विशेषांकात ऊर्मिला कुलकर्णी-काळे, श्रीराम भोसले आणि कोळसकर यांचा ‘सीईपी’ हा सर्व्हर प्रसिद्ध झाला, जो प्रथिनाची त्रिमिती रचना घेऊन असे घडीवर अवलंबून असलेले एपिटोप वर्तवत असे आणि आपल्या प्रकारचा तो पहिलाच होता. येथेही दावा ७५ टक्के अचूकतेचा होता, प्रतिजन आणि प्रतिपिंड यांच्या एकत्रित स्फटिकरचनांवर ताडलेला. दोन वर्षांनी पोनोमारेन्को आणि बोर्न यांनी स्वतंत्र कसोटीसंच तयार करून ‘सीईपी’, डेन्मार्कचा ‘डिस्कोटोप’ आणि इतर काही पद्धती तपासल्या, तेव्हा कोणाचीही सुस्पष्टता ४० टक्क्यांपलीकडे आणि आठव ४६ टक्क्यांपलीकडे गेली नाही. सुस्पष्टता म्हणजे साधनाने ‘हो’ म्हटलेल्यांपैकी खरे किती, आणि आठव म्हणजे खऱ्यांपैकी साधनाला सापडले किती.

यात कोणी खोटे बोलले असे समजणे अन्यायाचे होईल. ७५ आणि ४० हे आकडे एकाच मापाचे नाहीत, कसोटीचे संच वेगळे आहेत आणि एपिटोपाची व्याख्याही दोन्हीकडे सारखी नाही. बोध होतो तो वेगळाच : एकाच साधनाविषयी दोन्ही आकडे तज्ज्ञपरीक्षणातून पार झाले, दोन्ही आपापल्या चौकटीत बरोबर होते, आणि वापरणारा मात्र पहिलाच आकडा लक्षात ठेवतो, कारण साधनाचा संदर्भ देताना पहिल्या निबंधाचाच दिला जातो. स्वतंत्र तपासणीचा निबंध साधनाच्या पानावर कोणी लावत नाही.

‘अचूकता’ या एकाच टक्केवारीने होणारी फसगत या क्षेत्रात इतकी नित्याची आहे की तिचे यंत्र उलगडून पाहावे. समजा, एक हजार पेप्टाइडांपैकी, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांपैकी, पन्नासच विषारी आहेत. प्रत्येकाला डोळे मिटून ‘निर्विष’ म्हणणारे साधन ९५ टक्के अचूक ठरेल आणि एकही विष पकडणार नाही. म्हणूनच जाणते परीक्षक बरोबर-चूक यांच्या चारही घरांचा हिशेब धरणारा मॅथ्यूज सहसंबंध गुणांक मागतात. याहून छुपा दोष डेटाच्या गळतीचा. साधनाला शिकवण्यासाठी वापरलेली प्रथिने आणि पारखण्यासाठी वापरलेली प्रथिने एकमेकांची जवळची नातेवाईक असली, तर साधन पाठ केलेलेच म्हणून दाखवते, आणि प्रश्नपत्रिका आधीच फुटलेल्या परीक्षेतील गुणांना जेवढा अर्थ असतो, तेवढाच त्या आकड्याला उरतो. परीक्षक आता दोन संचांतील अनुक्रमसाम्याची मर्यादा विचारू लागले आहेत, पण लेखकाने दहा प्रकारे मापदंड बदलून पाहिले आणि सर्वांत चांगला निकाल देणारा एकच छापला, तर ते ओळखण्याचा मार्ग त्यांच्यापाशी नाही. जर्मनीच्या बुलेस्टिक्स यांच्या गटाने २०१० मध्ये हे मुद्दाम करून दाखवले : प्रत्यक्षात उपयोग नसलेली पद्धत घेऊन, डेटासंच आणि मापदंड सोयीने निवडत, ती स्पर्धकांपेक्षा सरस दिसेल अशी तिची मांडणी करता येते. पुढच्याच वर्षी नोरेल, राइस आणि स्टोलोविट्स्की यांनी या प्रवृत्तीला ‘स्व-मूल्यमापनाचा सापळा’ म्हटले आणि प्रत्येक नवी पद्धत जुन्या सर्व पद्धतींहून सरस कशी असू शकते, असा साधा सवाल केला.

सापळ्यातून सुटण्याची सर्वांत भक्कम वाट प्रथिनरचनेच्या क्षेत्राने काढली. ‘कॅस्प’ ही दर दोन वर्षांनी होणारी चाचणी १९९४ मध्ये जॉन मोल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केली. ज्यांची रचना प्रयोगाने निघाली आहे पण अजून जाहीर झालेली नाही, अशा प्रथिनांचे अनुक्रम स्पर्धकांना दिले जातात, आणि आलेली उत्तरे कोणाची आहेत हे न कळता तपासली जातात. उत्तर कोणालाच आधी ठाऊक नसल्याने गळतीला वाव उरत नाही. सर्व्हरसाठी याहून काटेकोर व्यवस्था बाझेलमधील गटाच्या ‘कॅमिओ’ने बसवली. प्रथिनरचनांचा जागतिक संग्रह दर शनिवारी येऊ घातलेल्या रचनांचे फक्त अनुक्रम जाहीर करतो आणि पूर्ण रचना बुधवारी खुल्या करतो. या चार दिवसांच्या फटीत ‘कॅमिओ’ ते अनुक्रम नोंदलेल्या सर्व्हरांकडे आपोआप पाठवते, उत्तरे जमा करते आणि बुधवारनंतर रचनांशी ताडून गुण लावते. दर आठवड्याला, माणसाचा हात न लागता. साधनाची पारख एकदाच न करता चालू ठेवणे शक्य आहे, याचा हा उत्तम पुरावा. पण तो शक्य झाला तो त्या विषयात दर आठवड्याला नवी खरी उत्तरे उपलब्ध होतात म्हणून. एपिटोप, विषारीपणा किंवा औषधाचा दुष्परिणाम या विषयांत असा अखंड पुरवठा नाही, आणि तेथे स्व-मूल्यमापनाचेच राज्य चालू आहे.

‘कॅस्प’च्या २०२० च्या फेरीत डीपमाइंड या कंपनीच्या ‘अल्फाफोल्ड २’ने मिळवलेले यश आणि त्यापुढे २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक सर्वश्रुत आहेत. प्रकाशनाच्या दृष्टीने अधिक बोलके आहे ते त्यानंतरचे प्रकरण. ‘अल्फाफोल्ड २’चा प्रोग्राम २०२१ च्या निबंधाबरोबर खुला झाला आणि वर्षभरात जगातील अनेक गटांनी त्यावर आपापली साधने उभारली. ‘अल्फाफोल्ड ३’चा निबंध मात्र ८ मे २०२४ रोजी ‘नेचर’मध्ये आला तो मूळ प्रोग्रामविना, त्याऐवजी कार्यपद्धतीचे वर्णन आणि दिवसाला मोजकीच कामे घेणारा, ठरावीक रेणूच स्वीकारणारा सर्व्हर देण्यात आला. शेकडो संशोधकांनी संपादकांना जाहीर पत्र लिहून हरकत घेतली, कारण नियतकालिकाचे स्वतःचेच धोरण प्रोग्राम उपलब्ध करून देण्याचे होते. संपादकांनी आपली बाजू मांडली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रोग्राम शैक्षणिक वापरासाठी खुला झाला. मधल्या सहा महिन्यांत सर्व्हर होता, तो चालत होता, उत्तरेही चांगली देत होता. तरीही निबंधातील दावे स्वतंत्रपणे पडताळणे शक्य नव्हते, कारण सर्व्हर हे कुलूपबंद पेटीचे तोंड असते. ऑनलाइन साधन देणे म्हणजे पद्धत खुली करणे, अशी जी सोयीस्कर समजूत या शाखेत आहे, ती या प्रसंगाने उघडी पडली, आणि संपादकांचा बचाव कितीही समजून घेतला तरी लहान गटाला जो नियम लावला जातो तो बलाढ्य कंपनीसाठी वाकवला गेला, हे म्हणणे खोडून काढता येत नाही.

साधन टिकते का, हा प्रश्न मोजायला त्या मानाने सोपा आहे, आणि तो मोजलाही गेला आहे. शुल्टहाइस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये, ‘न्यूक्लेइक ॲसिड्स रिसर्च’च्या २००३ ते २००९ या सात विशेषांकांतील ९२७ सेवा तपासल्या. छापलेल्या पत्त्यावर ७२ टक्के सापडल्या. पण पान उघडणे आणि साधन चालणे यांत अंतर आहे. ३३ टक्के सेवांची चाचणी नमुन्याचा डेटा नसल्याने किंवा तशाच अडचणीने घेताच आली नाही, १३ टक्के बिघडलेल्या होत्या, आणि व्यवस्थित चालतात असे खात्रीने म्हणता आले ते फक्त ४५ टक्क्यांबाबत. लेखकांच्या पाहणीत ७८ टक्के उत्तरदात्यांनी सांगितले की साधन केवळ विद्यार्थ्यांनी आणि कायम नोकरी नसलेल्या संशोधकांनी बनवले आहे. रोग कुठे आहे हे या एका आकड्यावरून कळते : बनवणारा दुसऱ्या गावी नोकरीला लागतो, विभागाचा संगणक बदलतो, परवलीचा शब्द कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नसते. मंगुल आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ‘ओमिक्स’ साधनांची, म्हणजे सबंध जनुकसंच किंवा प्रथिनसंच एकदम हाताळणाऱ्या प्रोग्रामांची, मोठी पाहणी केली तेव्हा छापलेल्या दुव्यांपैकी सुमारे २८ टक्के निकामी निघाले. आणि उतरवून घेऊन बसवून पाहिलेल्या ९८ साधनांपैकी २८ टक्के बसवताच आली नाहीत.

बंद पडलेले साधन निदान आपण बंद आहोत हे सांगते. चालू असलेले पण शिळे झालेले साधन अधिक घातक, कारण ते आत्मविश्वासाने जुने उत्तर देत राहते. ‘डेव्हिड’ हे जनुकांच्या यादीवरून त्यांत कोणत्या जैविक प्रक्रिया प्रामुख्याने दिसतात ते सांगणारे अमेरिकी संकेतस्थळ याचे ठळक उदाहरण. वापरायला सोपे, जुने, सर्वांच्या परिचयाचे. पण त्यामागची जनुकांविषयीची माहिती २०१० पासून सहा वर्षे अद्ययावत झाली नव्हती. टोरांटोच्या संशोधकांनी २०१६ मध्ये ‘नेचर मेथड्स’मध्ये दाखवून दिले की २०१५ मधील सुमारे ३,९०० निबंधांपैकी ६७ टक्क्यांनी शिळ्या साधनांचा आधार घेतला होता आणि त्या साधनांना, त्या वेळच्या ताज्या माहितीवरून जेवढ्या प्रक्रिया सापडल्या असत्या, त्यांच्या २६ टक्केच सापडत होत्या. त्याच वर्षी ‘डेव्हिड’ची नवी आवृत्ती आली. या हजारो निबंधांच्या परीक्षकांपैकी किती जणांनी माहितीसाठ्याची तारीख विचारली असेल? विचारण्याची रीतच नव्हती. सर्वांत विश्वासाच्या प्रोग्रामलाही हा धोका चुकत नाही : ‘ब्लास्ट’मध्ये निकालांची कमाल संख्या ठरवणारा एक पर्याय लोकांना वाटते तसा वागत नाही, असे २०१८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवले, त्यांच्या उदाहरणामागे प्रोग्राममधील एक दोष असल्याचे निष्पन्न झाले आणि त्याच डिसेंबरातील आवृत्तीत तो दुरुस्त झाला. त्याआधीच्या निबंधांत आवृत्तीचा क्रमांक नोंदलेला नसेल, तर कोणता निकाल दोषाच्या छायेत आहे हे आज ठरवता येत नाही.

उपायांची तांत्रिक बाजू बरीच पुढे गेली आहे, म्हणून तिच्यावर फार रेंगाळण्याचे कारण नाही. प्रोग्राम ‘गिटहब’सारख्या खुल्या भांडारात, त्याची गोठवलेली प्रत सर्नच्या ‘झेनोडो’त कायमस्वरूपी क्रमांकासह, आणि बसवण्याची डोकेदुखी टाळण्यासाठी ‘बायोकोंडा’ किंवा सर्व अवलंबित घटक एकत्र बांधणारी ‘कंटेनर’ची पद्धत, एवढे केले की मूळ सर्व्हर बंद पडला तरी साधन मरत नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर’ने तर परीक्षणच उघड्यावर आणले; परीक्षक प्रोग्राम बसवून पाहतो, चाचण्या चालवतो, कागदपत्रे वाचतो, त्याच्या शंका आणि लेखकाच्या दुरुस्त्या सर्वांना दिसतात, आणि निबंध दोन पानांचाच असतो. गुणवत्तेचा आणि प्रतिष्ठेचा संबंध किती, याचेही उत्तर मिळाले आहे. न्यूझीलंडच्या गार्डनर आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये तटस्थ तुलनांचे निकाल एकत्र करून पाहिले, तेव्हा साधनाची अचूकता ही नियतकालिकाच्या प्रभावांकाशी, लेखकाच्या नावलौकिकाशी किंवा संदर्भोल्लेखांच्या संख्येशी जुळली नाही. ती जुळली प्रोग्रामवर सातत्याने होत राहिलेल्या कामाशी, म्हणजे किती वेळा दुरुस्त्या झाल्या आणि किती जणांनी हात लावला, याच्याशी. प्रकाशनाची सगळी रचना नावीन्याला बक्षीस देते आणि गुणवत्ता मात्र देखभालीतून येते, हा या शाखेतील मूळ विसंवाद आहे.

देखभालीला पैसा लागतो आणि तो नव्या कल्पनेला मिळतो तसा मिळत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञांचा लाडका ‘टेअर’ हा माहितीसाठा सरकारी अनुदान आटल्यावर २०१३ नंतर वर्गणीवर चालवावा लागला. भारतातही साधने बनवणारे कमी नाहीत. चंदिगडमधील आणि पुढे दिल्लीतील एकाच गटाने शेकड्याच्या घरात सर्व्हर प्रसिद्ध केले, आणि ते परदेशातही वापरले जातात. पण बनवण्याइतकेच निगुतीने सांभाळण्याचे उदाहरण मुंबईचे आहे. परळच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेने सूक्ष्मजंतूंना मारणाऱ्या पेप्टाइडांचा ‘कॅम्प’ हा माहितीसाठा आणि त्यासोबतची अनुमान-साधने २०१० मध्ये प्रसिद्ध केली, आणि २०१४, २०१६ व २०२३ अशी त्याची नवी रूपे ‘न्यूक्लेइक ॲसिड्स रिसर्च’च्या माहितीसाठा विशेषांकात आली. येथे एक गोष्ट नमूद करायला हवी, की सुधारित आवृत्तीचा वेगळा निबंध म्हणजे एकाच कामाचे तुकडे करून खाणे, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. पण देखभालीला दुसरे कोणतेच श्रेय मिळत नसताना हा आक्षेप घेणे म्हणजे चांगल्या सांभाळकर्त्यालाच दंड करणे आहे. फरिदाबादला २०२२ मध्ये सुरू झालेल्या भारतीय जैविक डेटा केंद्राने डेटा साठवण्याची राष्ट्रीय सोय केली. तशीच सोय, बनवणारा विद्यार्थी निघून गेल्यावर साधन सुपूर्द करण्यासाठी असावी, ही मागणी आता अवाजवी राहिलेली नाही.

तोपर्यंत जे हातात आहे ते वापरणाऱ्यांच्या आणि मार्गदर्शकांच्या हातात आहे. महाराष्ट्रातील विद्यापीठांत जीवशास्त्राच्या पदव्युत्तर आणि पीएच.डी. प्रबंधांत एखाद्या सर्व्हरचे उत्तर तक्त्यात घालणे आता सर्रास झाले आहे. अशा प्रत्येक तक्त्याखाली साधनाची आवृत्ती, त्यामागील माहितीसाठ्याची तारीख, निवडलेले मापदंड आणि वापर केल्याचा दिवस लिहिला जावा, साधनाच्या मूळ निबंधाबरोबर इतर कोणी केलेल्या स्वतंत्र तपासणीचाही संदर्भ द्यावा, आणि ज्याचे उत्तर प्रयोगाने आधीच सिद्ध आहे असे एक तरी प्रथिन त्याच साधनात घालून पाहिल्याचे नमूद व्हावे. मौखिक परीक्षेत परीक्षकांनी एवढे विचारायला आजपासून सुरुवात करावी, त्यासाठी कोणत्याही नियतकालिकाच्या परवानगीची गरज नाही.